खिळा ठोकायची परवानगी

मंडळी, आमच्याकडे बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात. कुणाची लाल, कुणाची हिरवी, तर एखाद्या हौशी माणसाच्या बैलाची अर्धी निळी आणि अर्धी सोनेरी. शिंगं रंगवली म्हणून बैल काही जास्त नांगर ओढत नाही. तरी रंगवतातच. रिक्षावाला आरशाला गोंडे लावतो, ट्रकवाला मागच्या फळीवर मोर काढून घेतो, शाळेतली पोरं वहीला खाकी कव्हर घालतात आणि त्यावर चिकटवायच्या चिठ्ठीसाठी भांडतात. कारखान्यातून वस्तू सगळ्यांना सारखीच मिळते, मग जो तो तिला आपली करून घेतो.

तीस वर्षं इतिहास शिकवला. पुस्तकात राजे होते, लढाया होत्या, तह होते. माणसांनी आपल्या वस्तू कशा नटवल्या याचा धडा मात्र एकाही इयत्तेला नव्हता. म्हणून म्हटलं, आज तो आपणच लिहावा. विषय तसा अलीकडचा आहे. संगणकाचा पडदा आपल्या मनासारखा सजवण्याच्या वेडाचा हा इतिहास. त्याला त्या जगात 'स्किन' म्हणतात, म्हणजे कातडी! शब्द ऐकायला बरा नाही, पण नेमका आहे. आतलं यंत्र तेच, वरची कातडी बदलायची.

सुरुवात करायची तर संगणकाच्या पडद्याला 'डेस्कटॉप' म्हणजे टेबल का म्हणतात इथपासून करायला हवी. १९८१ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. कचेरीतल्या माणसाला आज्ञा पाठ करायला लावण्याऐवजी त्याच्या ओळखीच्या वस्तूच पडद्यावर दाखवाव्यात, ही त्यामागची कल्पना. म्हणून पडद्यावर कागद आले, फोल्डर आले, टपालाचे ट्रे आले. ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली ती ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशने, १९८४ साली. त्याची चिमुकली चित्रं सुझान केअर या बाईंनी काढली. आलेखाच्या कागदावर चौकोन भरत भरत, बत्तीस गुणिले बत्तीस ठिपक्यांत एकेक चित्र! आपल्याकडे ज्यांनी कशिद्याचे किंवा क्रोशाचे नमुने चौकटीच्या कागदावर उतरवले आहेत, त्यांना हे काम मुळीच परकं वाटणार नाही.

गंमत म्हणजे त्या पहिल्याच मॅकिंटॉशमध्ये सजावटीची एक छोटी खिडकी उघडी ठेवलेली होती. पडदा काळा-पांढरा होता, पण पार्श्वभूमीची नक्षी आपली आपण काढता यायची. आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट ठिपके. त्यातले हवे ते काळे करायचे आणि तोच ठिपका-नमुना पडदाभर पसरायचा. ठिपक्यांची रांगोळीच म्हणा ना!

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये १९९० च्या ३.० या आवृत्तीत 'वॉलपेपर' आला. १९९२ च्या ३.१ मध्ये तर रंगांचे तयार संच होते आणि त्यात 'हॉट डॉग स्टँड' नावाचा एक लालभडक-पिवळाधमक संच होता. लोक अजून त्याची थट्टा करतात. तयार संच नको असेल तर शीर्षकाची पट्टी, मेनू, बटणं, अक्षरं, प्रत्येकाला वेगळा रंग देता यायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं. त्याच्या जोडीला 'प्लस' नावाची एक वेगळी विकत घ्यायची पेटी होती आणि तिच्यात 'थीम' होत्या. एक थीम लिओनार्दो दा विंचीची, एक भयंकर प्राण्यांची, एक संगणकाच्या पोटातल्या भागांची. थीम निवडली की चित्र, रंग, माऊसचा बाण, आवाज, सगळं एकदम बदलायचं. पण नीट पाहिलं तर हा बदल बेताचाच होता. भिंतीला रंग कोणता द्यायचा ते तुम्ही ठरवा, पण दाराचा आकार, खिडकीची चौकट आणि कडीची जागा कंपनीची. भाड्याच्या घरात राहिलेल्यांना हे चटकन कळेल. घरमालक म्हणतो, "रंग हवा तो द्या, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही."

खिळा ठोकणारी माणसं मात्र निघालीच!

मॅकिंटॉशच्या बाजूला ग्रेग लँडवेबर हा एक होता. ॲपल तेव्हा 'कोपलँड' या सांकेतिक नावाची नवी प्रणाली बनवत होती. तिचं देखणं रूप लोकांनी छायाचित्रांत पाहिलं होतं, पण ती हातात काही येत नव्हती, आणि १९९६ साली कंपनीने तो प्रकल्पच गुंडाळला. ते रूप जुन्या मॅकवर आणणारा छोटा प्रोग्रॅम लँडवेबरने लिहिला आणि त्याला नाव दिलं 'ॲरन'. ॲरन कोपलँड हे अमेरिकेतले मोठे संगीतकार, त्यांच्या नावावरची ही कोटी. पुढे त्याने आणि आर्लो रोझने मिळून 'कॅलिडोस्कोप' काढला. त्यात खिडक्यांची चौकटसुद्धा बदलायची. लोकांनी लाकडाच्या, दगडाच्या, पितळेच्या चौकटी काढल्या. ॲपलने स्वतः १९९८ च्या मॅक ओएस ८.५ साठी निराळ्या थीम तयार केल्या होत्या, पण शेवटच्या घटकेला मागे घेतल्या. बाहेरच्या दोघा माणसांनी दिलं ते कंपनीने देता देता हात आखडला.

विंडोजच्या बाजूला हे वेड घरोघर पोचवलं ते 'विनॅम्प'ने. जस्टिन फ्रँकेल हा जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा साथीदार दमित्री बोल्डिरेव्ह, यांनी १९९७ च्या एप्रिलमध्ये गाणी वाजवायचा हा प्रोग्रॅम काढला. एमपी३ गाणी तेव्हा नवी नवी होती. १९९८ साली विनॅम्प २ आलं आणि त्याच्या स्किनचा पूर लोटला.

ही स्किन बनवायची कशी, ते सांगते, कारण लोकांना ती जमली याचं कारण त्यातच आहे. विनॅम्पची मुख्य खिडकी २७५ ठिपके रुंद आणि ११६ ठिपके उंच. तिचे सगळे भाग साध्या चित्रांच्या फायलींत ठेवलेले. एका चित्रात पाठीमागची पाटी, एका चित्रात बटणं (दाबलेली आणि न दाबलेली, दोन्ही), एका चित्रात शून्य ते नऊ आकडे, एका चित्रात आवाजाची पट्टी. विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या 'पेंट'मध्ये ही चित्रं उघडायची, त्यांच्यावर आपली नक्षी रंगवायची आणि सगळ्यांचं एक गाठोडं बांधायचं. झाली स्किन! प्रोग्रॅम लिहिता यायची गरजच नाही. चित्रकलेची वही भरणारा कुणीही पोरगा हे करू शकत होता, आणि जगभरच्या पोरांनी ते केलं. मोटारीच्या डॅशबोर्डसारखे विनॅम्प, लाकडी रेडिओसारखे विनॅम्प, सिनेमांचे, फुटबॉल संघांचे, मांजरांचे!

माझ्या भाच्याने पहिला संगणक घेतला तेव्हा त्याने माझ्यासाठी त्यावर नाट्यगीतं भरून दिली होती आणि जुन्या रेडिओच्या तोंडवळ्याची स्किन लावली होती. गाण्याचं नाव त्या छोट्या खिडकीत सरकत जायचं, पण रोमन लिपीत. मी म्हटलं, "अरे, मराठी गाणं आहे, मराठीत लिही की." तो म्हणाला, "मावशी, होत नाही." का होत नाही ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. अक्षरांचंसुद्धा एक चित्रच होतं. प्रत्येक अक्षर पाच ठिपके रुंद, सहा ठिपके उंच. त्या चित्रात ए पासून झेड पर्यंत अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं बसवलेली. आपला 'अ' त्यात नव्हताच. आणि पाच गुणिले सहा ठिपक्यांत 'ज्ञ' किंवा 'क्ष' बसवून दाखवा बरं! वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, खाली उकार. काय वाट्टेल ते बदला म्हणणाऱ्या या घरातही कुणासाठी खुंटी होती आणि कुणासाठी नव्हती. ज्यांनी घर बांधलं त्यांनी आपल्याच टोप्या टांगायच्या खुंट्या मारल्या होत्या. त्यात वाईट हेतू नव्हता, आमची आठवणच झाली नसणार.

आता अख्ख्या विंडोजची कातडी बदलणाऱ्यांकडे वळू. मिशिगन राज्यात ब्रॅड वॉर्डेल या विद्यार्थ्याने १९९१ साली 'स्टारडॉक' ही कंपनी सुरू केली. आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीसाठी तिने 'ऑब्जेक्ट डेस्कटॉप' नावाचा संच काढला. ओएस/२ बाजारात मागे पडली, तसं कंपनीचं दुकान विंडोजकडे आलं आणि १९९८ च्या सुमारास नील बॅनफील्ड याच्या हातून 'विंडोब्लाइंड्स' तयार झालं. त्याची युक्ती अशी. आपण एखादा प्रोग्रॅम उघडतो तेव्हा त्याच्या खिडकीची वरची पट्टी, कडा आणि बंद करायचं बटण तो प्रोग्रॅम स्वतः काढत नाही, विंडोज काढून देतं. विंडोब्लाइंड्स मधेच उभं राहून म्हणतं, "थांब, हे मी रंगवतो." चित्र मोठ्या खिडकीवर ताणताना कोपरे तसेच ठेवायचे आणि मधला भागच ताणायचा, म्हणजे नक्षी विस्कटत नाही. नऊवारीचा काठ आणि पदर जागच्या जागी ठेवून मधलं अंग लांबवावं, तसंच हे.

लिनक्सच्या जगातही हेच चाललं होतं. 'रास्टरमन' या टोपणनावाच्या कार्स्टन हाइट्सलरने 'एनलाइटनमेंट' काढलं, आणि त्याच्या थीम पाहून विंडोजवाले हळहळायचे. २००० च्या ऑगस्टमध्ये 'डीव्हियंटआर्ट' सुरू झालं. आज लोक त्याला चित्रकारांची जागा म्हणून ओळखतात, पण ते उभं राहिलं ते या स्किन बनवणाऱ्यांच्या गोतावळ्यातून. फिनलंडच्या किम्मो पेक्कोलाने २००१ मध्ये 'रेनमीटर' काढलं. पडद्यावर घड्याळ, हवामान, संगणकावरचा ताण असं हवं ते हव्या त्या रूपात मांडता येतं. ते आजही फुकट मिळतं आणि चालतंही.

मग घरमालक जागे झाले.

२००० च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी ॲपलचं 'ॲक्वा' हे रूप दाखवलं. पाण्याच्या थेंबांसारखी निळी बटणं, चाटून बघावीशी वाटणारी! काही दिवसांतच हौशी लोकांनी त्याच्या नकला करून आपापल्या संगणकांवर चढवल्या. ॲपलच्या वकिलांनी अशा थीम ठेवणाऱ्यांना पत्रं पाठवली की, हे रूप आमचं आहे, काढून टाका. कायद्याने त्यांचं चूक म्हणता येणार नाही. दुसऱ्याचा सही-शिक्का आपण वापरू नये हे खरंच. पण वस्तूचा चेहरा हीसुद्धा मालमत्ता असते, हे त्या पोरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल.

२००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आलं. निळी पट्टी, हिरवं स्टार्ट बटण आणि मागे ती हिरवी टेकडी. त्या टेकडीची हकीकत सांगण्यासारखी आहे. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात तो फोटो काढला. एरवी तिथे द्राक्षांच्या बागा असायच्या. मुळांवरच्या किडीमुळे वेली काढून टाकल्या होत्या, म्हणून नुसतं गवत होतं. आमच्या तासगाव भागातल्या बागायतदाराने तो फोटो पाहिला तर आधी त्याच्या पोटात कालवेल!

एक्सपीमध्ये मायक्रोसॉफ्टने कातडी बदलायची सोय स्वतःच आत बसवली. आनंदाची गोष्ट, पण थीमवर कंपनीची सही असेल तरच ती लागणार. आणि सहीच्या थीम किती? निळी, ऑलिव्ह हिरवी, चंदेरी. पुढे आणखी दोन-तीन. म्हणजे खिळा ठोका, पण आम्ही दिलेलाच आणि आम्ही दाखवू तिथेच. मग लोकांनी सही तपासणारी ती एक फाइलच दुरुस्त करून टाकली आणि हजारो थीम लावल्या. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या थीम, माऊसचे बाण आणि पडदा-रक्षक यांच्याबरोबर नको ते पाहुणेही संगणकात शिरायचे. त्यामुळे यंत्र मंद व्हायचं, कधी बंदच पडायचं. त्याच सुमाराला आमच्या शाळेच्या संगणक कक्षात पाटी लागली होती, 'पडद्यावरील चित्र बदलू नये'. पोरं दर शनिवारी बदलायचीच, आणि पाटी लावणाऱ्या सरांचाही नाइलाज होता.

पुढची गोष्ट ओहोटीची. २००७ मध्ये व्हिस्टाच्या काचेच्या खिडक्या आल्या. त्याच्या बाजूच्या पट्टीत छोटी 'गॅजेट' ठेवता यायची. २०१२ मध्ये त्यांतून धोका संभवतो म्हणून मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करायला सांगितली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ८ मध्ये काच गेली, सपाट रंग आले, आणि जुनं 'क्लासिक' रूप व प्रत्येक भागाला वेगळा रंग द्यायची ती जुनी सोयही गेली. शिवाय आपलं बरंचसं काम ब्राउझरच्या एकाच खिडकीत शिरलं होतं. तिथे प्रत्येक संकेतस्थळ आपला चेहरा घेऊनच येतं. आणि माणसं संगणकाऐवजी फोनकडे बघायला लागली होती.

आता कुणी म्हणेल, पोरांचा खेळ होता, संपला. सत्तरी ओलांडलेल्या बाईने त्याचं एवढं काय मनावर घ्यावं?

सांगते. माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला गेली काही वर्षं त्रास आहे. मोतीबिंदू काढून झाला, पण हे दुखणं वेगळं. पांढऱ्याशुभ्र पडद्यावरची करडी बारीक अक्षरं हल्ली फार सुरेख समजली जातात, माझ्या लेखी तो उन्हात तळपणारा पत्रा असतो. मला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. अगदी शाळेतला फळाच! हा लेख मी तशाच पडद्यावर लिहिते आहे. ही सोय विंडोज ९५ पासून 'हाय कॉन्ट्रास्ट' या नावाने आहे आणि विंडोज ११ मध्ये 'कॉन्ट्रास्ट थीम' म्हणून सापडते. त्यात पाठीमागचा रंग, अक्षरांचा रंग, दुव्याचा रंग असे मोजके रंग निवडता येतात. डावीकडच्या ऑल्ट आणि शिफ्टबरोबर प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं की ती चालू-बंद होते. आपल्यापैकी ज्यांचे डोळे माझ्यासारखे आहेत त्यांनी जरूर करून पाहावं.

हौस आणि गरज यांच्यात आपण समजतो तेवढी जाड भिंत नसते. सोळा वर्षांच्या मुलाला विनॅम्प लाकडी हवा होता ती हौस. मला पडदा काळा हवा ही गरज. यंत्राला दोन्ही एकच. वरचा रंग ठरवायचा अधिकार बसणाऱ्या माणसाकडे आहे की नाही, एवढाच प्रश्न. त्या पोरांनी हौसेपायी तो अधिकार वापरून दाखवला, भांडून घेतला, प्रसंगी कुलूप फोडून घेतला. आणि तो काढून घेतात तेव्हा खेळणाऱ्याचा फक्त हिरमोड होतो, माझं मात्र वाचनच थांबतं. विंडोज ८ मध्ये रंगांची ती जुनी पेटी गेली तेव्हा कॉन्ट्रास्टची सोय तेवढी राहिली. अधल्यामधल्यांची, म्हणजे ज्यांना काळा पडदा नको पण पांढराही सोसत नाही त्यांची, पंचाईत झाली.

त्या हजारो स्किनांचं पुढे काय झालं? पुष्कळशा ज्या ठिकाणी ठेवल्या होत्या ती ठिकाणं बंद पडली, त्यांच्याबरोबर त्या गेल्या. पण सगळ्या नाही. जॉर्डन एल्ड्रिज या अभियंत्याने २०२० मध्ये विनॅम्पच्या स्किनांचं संग्रहालय उभं केलं. पासष्ट हजारांहून जास्त स्किना एका भिंतीवर लावाव्यात तशा तिथे बघायला मिळतात. मी एक अख्खी दुपार बघत बसले होते. बहुतेकांच्या कर्त्याचं खरं नाव नाही, टोपणनाव तेवढं आहे. गाठोड्यात पुष्कळदा एक छोटी चिठ्ठी असते, ही मी बनवली, फुकट वापरा, विकू नका, अशा अर्थाची. वेरूळचं कैलास लेणं कोणकोणत्या हातांनी कोरलं त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. तुलना मोठी झाली हे मान्य, पण इतिहासाच्या बाईंना मोह आवरत नाही. इथे निदान टोपणनाव तरी उरलं!

आणि वेड अगदीच मेलेलंही नाही. स्टारडॉकने २०२२ मध्ये विंडोब्लाइंड्सची अकरावी आवृत्ती काढली. २०२० च्या सप्टेंबरात आयफोनच्या आयओएस १४ मध्ये पडद्यावर विजेट ठेवता यायला लागली, तेव्हा तरुण मुलींनी रात्री जागून एकेक आयकॉन गुलाबी नि बदामी करून टाकला. त्यातल्या कित्येकींनी विनॅम्पचं नावही ऐकलेलं नसेल. २०२५ मध्ये ॲपलने 'लिक्विड ग्लास' म्हणून काचेचं रूप आणलं आणि व्हिस्टा वापरलेल्यांनी एकमेकांकडे पाहून हसून घेतलं. साडीच्या काठासारखंच आहे हे, वीस वर्षांनी फिरून येतं.

असो. फार लांबलं. माझं नातेवाईक मंडळींना एवढंच सांगणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नवा संगणक किंवा फोन आणून दिलात की नुसता चालू करून हातात देऊ नका. दहा मिनिटं शेजारी बसा. अक्षरं किती मोठी हवीत, पाठीमागे काय रंग बरा वाटतो, चित्र कुणाचं लावू, ते विचारा. माझ्या भाच्याने रेडिओची ती स्किन लावून दिली नसती, तर त्या यंत्राशी माझी गट्टी जमली असती की नाही, देव जाणे.